अपस्मार आणि विद्यार्थ्याची स्मरणशक्ती



अपस्मार हा शब्दच मुळी विस्मरणावरून पडलेला आहे. स्मरण ज्यात दूर निघून जाते तो अपस्मार. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ह्या रोगाला स्वतंत्र अध्याय दिलेला असून स्मृतीचे निघून जाणे हीच त्याची खूण सांगितली आहे. जुन्या वैद्यांना तेथे स्मृती म्हणजे पाठांतर नव्हे, तर माणसाचे भान अभिप्रेत असावे. तथापि नाव ठेवताना त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले ह्यात संशय नाही. पुढे लोकांच्या तोंडी फेफरे, मिरगी, फीट अशी नावे रूढ झाली आणि त्या नावांबरोबर एकच चित्र मनात ठसले: जमिनीवर कोसळलेले, हातपाय झाडणारे, तोंडाला फेस आलेले माणूस. ते चित्र खोटे नाही. पण त्या एका चित्रामुळे ह्या रोगाची जी बाजू शाळेच्या खोलीत रोज दिसते, ती मात्र झाकली गेली आहे.

मोठा झटका दोन-तीन मिनिटांत ओसरतो. त्या वेळी सारी शाळा धावते. परंतु त्याच मुलाला परवा शिकविलेली कविता आज आठवत नाही, भागाकाराची रीत आठ दिवसांत पुसून जाते, सांगितलेला निरोप घरी पोचत नाही, तेव्हा कोणीही धावत नाही. त्या वेळी त्याच्या प्रगतिपुस्तकावर "लक्ष नसते", "आळशी आहे", "सांगितले तेवढ्यापुरते कळते" असे शेरे पडतात. वर्गातील मुले त्याला ढ म्हणू लागतात, घरी मार बसतो, आणि शेवटी "ह्याच्या डोक्यात काही राहत नाही" असे म्हणून पालक त्याला गुरांमागे धाडतात. अपस्मार असलेल्या अनेक मुलांची बुद्धी इतर मुलांसारखीच असते. त्यांपैकी कितीतरी मुले रोगाने नव्हे, तर अशा शेऱ्यांनी शाळेबाहेर जातात. म्हणून विस्मरणाचा हा प्रकार शिक्षकाने बारकाईने समजून घेणे अगत्याचे आहे.

स्मरण ही एकच क्रिया आहे असे आपण बोलताना धरून चालतो. वस्तुतः धान्य खळ्यावरून घरात आणणे, ते कणगीत भरून ठेवणे आणि लागेल तेव्हा बाहेर काढणे ह्या जशा निरनिराळ्या गोष्टी आहेत, तसेच स्मरणाचेही आहे. कणगी रिकामी निघाली म्हणजे धान्य उंदरांनीच खाल्ले असे होत नाही. कदाचित ते खळ्यावरून आलेच नसेल. अपस्मार ह्यांपैकी कोणत्याही जागी आडवा येऊ शकतो. तो कोठे आला हे ओळखता आले, तर निम्मे काम झाले.

प्रथम धान्य घरातच न येण्याचा प्रकार पाहू. प्राथमिक शाळेच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत अधिक निसटणारा. साधारणतः चार ते दहा वर्षे वयाच्या मुलांत एक प्रकारचा अपस्मार सुरू होतो. मुलींत तो मुलांपेक्षा काहीसा अधिक आढळतो. त्यात मूल पडत नाही, थरथरत नाही, ओरडत नाही. बोलता बोलता मध्येच थांबते, नजर एका जागी लागते, पापण्या किंचित फडफडतात आणि पाच-दहा सेकंदांनी ते जणू काही झालेच नाही असे पुढे बोलू लागते. त्याला स्वतःलाही काही झाल्याचे कळत नाही. असे दिवसातून दहा वेळा, कधी पन्नास वेळा, क्वचित त्याहूनही अधिक वेळा घडते. मेंदूतील विद्युत्प्रवाहाचा आलेख, ज्याला ई.ई.जी. म्हणतात, काढल्यास त्या क्षणी दर सेकंदाला सुमारे तीन ह्या गतीने उठणाऱ्या ठळक लाटा दिसतात. मानवी मेंदूचा असा आलेख हान्स बर्गर ह्या जर्मन डॉक्टराने १९२४ साली प्रथम घेतला आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर काही वर्षांतच, १९३५ साली, अमेरिकेतील संशोधकांनी ह्या लहान झटक्यांची ही खूण नोंदविली. तोपर्यंत अशा मुलांना स्वप्नाळू म्हणून सोडून देण्यापलीकडे फारसे काही होत नसे, आणि आजही अनेक ठिकाणी तसेच होते.

शिक्षकाजवळ ई.ई.जी.चे यंत्र नसते, पण श्रुतलेखनाची वही असते, आणि ती ह्या बाबतीत फार बोलकी आहे. समजा, शिक्षकाने सांगितले: "सकाळी आजोबा बैल घेऊन शेतावर गेले आणि दुपारी बांधावर बसून त्यांनी भाकरी खाल्ली." वहीत उमटले: "सकाळी आजोबा बैल घेऊन त्यांनी भाकरी खाल्ली." ज्याला लिहिण्याचा वेग साधत नाही, ते मूल वाक्याचा शेवट गाळते. ज्याला शब्द येत नाहीत, ते चुकीचे लिहिते. येथे मात्र मधला तुकडाच स्वच्छ कापल्यासारखा नाहीसा झालेला आहे, मागचे व पुढचे शब्द शुद्ध आहेत, आणि कधी कधी जेथे वाक्य तुटले तेथे पेन्सिलीची एक वेडीवाकडी रेघ ओढली गेलेली आहे. अशी वाक्ये एका वहीत वारंवार दिसू लागली, तर त्यांवर लाल शाईने काट मारून पुढे जाऊ नये. वही बाजूला ठेवून मुलाकडे पाहावे.

दिवास्वप्न आणि हा झटका ह्यांतील भेदही साध्या निरीक्षणाने बऱ्याच अंशी कळतो. खिडकीबाहेर पाहत बसलेल्या मुलाला नावाने हाक मारली, खांद्याला हात लावला, की ते दचकून भानावर येते. झटक्यातील मूल हाकेने येत नाही; झटका संपला की आपले आपण येते. दिवास्वप्न कंटाळवाण्या तासाला पडते. हा झटका खेळताना, जेवताना, स्वतःच्या आवडीची गोष्ट सांगतानाही, ऐन वाक्याच्या मध्यावर येतो.

ह्यात फुकट जाणारा वेळ तो कितीसा, असा प्रश्न कोणी विचारील. हिशेब केला तर शाळेच्या वेळात चाळीस झटके, प्रत्येकी दहा सेकंदांचे, म्हणजे सात मिनिटेही होत नाहीत. परंतु शिकणे हे मिनिटांनी मोजण्यासारखे नाही. भागाकारात "आता वरचा पुढचा अंक खाली घ्यावा" हे वाक्य ज्या पाच सेकंदांत बोलले गेले, नेमके तेच पाच सेकंद हरवले, तर पुढचा अर्धा तास ते मूल फळ्याकडे पाहत असते पण त्याला काहीच उमगत नाही. दुसऱ्या दिवशी आपण म्हणतो, तो विसरला. तो विसरलेला नाही. त्याने ते ऐकलेलेच नाही.

दुसरा प्रकार साठवणीचा. त्याचे आजचे ज्ञान बव्हंशी एका दुर्दैवी माणसामुळे मिळाले, आणि तो माणूस अपस्माराचाच रोगी होता. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात १९२६ साली जन्मलेल्या हेन्री मोलेसन ह्याला लहानपणापासून झटके येत. पुढे ते इतके वाढले की त्याला काम करणे अशक्य झाले. औषधांनी गुण येईना, तेव्हा विल्यम स्कोव्हिल ह्या शस्त्रवैद्याने १९५३ साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलांच्या आत खोलवर असलेला भाग काढून टाकला. त्या भागातच हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा अवयव आहे. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून त्याला ते ग्रीक नाव. झटके कमी झाले, बुद्धीही शाबूत राहिली; पण त्या दिवसापासून नवीन काही लक्षात राहीना. बालपण आठवे, शब्द आठवत, पण पाच मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस अनोळखी वाटे. ब्रेन्डा मिल्नर ह्या विदुषीने वर्षानुवर्षे त्याचा अभ्यास केला. तिने त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरविण्यास दिली. तीन दिवसांच्या सरावाने त्याचा हात सफाईदार झाला, आणि तरीही हे काम आपण पूर्वी कधी केले असल्याचे त्याला मुळीच आठवत नव्हते. तो २००८ साली वारला. मृत्यूपर्यंत वैद्यकीय ग्रंथांत त्याचे नाव फक्त दोन अक्षरांनी लिहिले जाई.

येथे गैरसमज होता कामा नये. मोलेसनची ही स्थिती शस्त्रक्रियेने झाली, अपस्माराने नव्हे. वर्गातील कोणाही मुलाचे तसे होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. पण त्यावरून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. नवी माहिती पक्की करून ठेवण्याचे काम कानशिलाच्या आतील ह्या भागाकडे आहे, ही एक. आणि हाताचे कसब निराळ्या मार्गाने साठविले जाते, ही दुसरी. पुष्कळ रोग्यांत झटक्यांचा उगम नेमका ह्याच भागात असतो. मग जेथे कणगी आहे तेथेच वरचेवर गोंधळ उडतो. डाव्या बाजूला उगम असेल तर बहुधा शब्द, नावे, वाचलेला मजकूर टिकत नाही. उजव्या बाजूला असेल तर चेहरे, वाटा, नकाशातील जागा. हा नियम काटेकोर नाही, पण एखादे मूल कविता विसरते आणि चित्र मात्र हुबेहूब काढते, ते का, ह्याचा त्याने थोडा उलगडा होतो.

साठवणीतील एक विशेष अलीकडच्या काही दशकांत ध्यानात आला असून तो शिक्षकांना फार उपयोगी आहे. अपस्माराच्या काही रोग्यांची परीक्षा शिकविल्यावर अर्ध्या तासाने घेतली, तर ते इतरांच्या बरोबरीने उत्तरे देतात. तीच परीक्षा काही दिवसांनी वा आठवड्यांनी घेतली, तर इतरांपेक्षा त्यांचे पुष्कळच अधिक पुसले गेलेले असते. लहान मुलांतही असे आढळले आहे. म्हणजे "तासाला सगळे सांगत होता, आणि चाचणीत कोरा कागद" ही शिक्षकाची तक्रार आणि "घरी सगळे येत होते हो" हे आईचे म्हणणे, ही दोन्ही खरी असू शकतात. ह्यात लबाडी शोधणे व्यर्थ आहे.

दिवसभरात शिकलेले पक्के होण्यास झोपेची मोठी मदत होते, आणि काही मुलांचे झटके नेमके झोपेतच येतात. पहाटे तोंड एका बाजूला ओढले जाणे, लाळ गळणे, जाग असूनही थोडा वेळ बोलता न येणे, असा एक बालपणीचा प्रकार आहे. तो बहुधा सोळाव्या वर्षाच्या आत आपोआप थांबतो. पण तोवर ह्यांपैकी काही मुले वाचनात आणि भाषेत मागे पडतात. घरची माणसे म्हणतात, मूल स्वप्नात घाबरले. शाळेत ते पेंगत बसते. अशा मुलाला रात्री झोप कशी लागते हे आईला विचारण्यास काहीच हरकत नाही.

साठविलेले वेळेवर बाहेर न येणे हा तिसरा प्रकार. शब्द जिभेवर असतो, पण निघत नाही. ह्यात रोगाइतकाच औषधाचाही भाग असू शकतो. फेनोबार्बिटोन हे १९१२ पासून वापरात असलेले स्वस्त औषध काही मुलांना सुस्त करते, तर काहींना उलट चळवळी. टोपिरामेट नावाच्या औषधाने काहींना शब्द सुचेनासे होतात. मात्र हे ऐकून कोणी औषध बंद करण्याचा सल्ला देऊ नये. औषध एकाएकी थांबविल्याने झटक्यांमागून झटके येऊन जिवावर बेतू शकते, आणि आवरात नसलेले झटके स्मरणाची जी हानी करतात ती औषधापेक्षा सहसा अधिकच असते. मूल औषध सुरू झाल्यापासून मंदावले असे वाटल्यास ते पालकांमार्फत डॉक्टरांच्या कानावर घालावे. मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे हे त्यांचे काम. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि योग्य निदान व उपचार झाल्यास त्यांपैकी सुमारे ७० टक्के झटक्यांवाचून जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मोठ्या झटक्यानंतरचे काही तास, कधी सारा दिवस, हा स्मरणाच्या दृष्टीने पडीक समजावा. त्या दिवशी शिकविलेले राहत नाही, झटक्यापूर्वी थोडा वेळ जे चालले होते तेही पुसले जाते. त्या दिवसाचा धडा पुन्हा द्यावा लागतो, आणि त्या दिवशी घेतलेल्या चाचणीला काही अर्थ नसतो.

आता एका नाजूक बाबीकडे वळले पाहिजे, कारण येथे मुलावर सर्वांत मोठा अन्याय होतो. लंडनमध्ये ऑर्थर मायर्स नावाचे एक डॉक्टर होते. त्यांना स्वतःलाच अपस्मार होता, आणि आपल्या झटक्यांची टिपणे त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेविली. प्रसिद्ध मेंदूतज्ज्ञ ह्यूलिंग्ज जॅक्सन ह्यांनी ती १८८८ साली, नाव झाकून, प्रसिद्ध केली. एकदा एक आई आपल्या मुलाला छाती तपासण्यासाठी मायर्स ह्यांच्याकडे घेऊन आली. तपासणीस आरंभ करतानाच त्यांना झटका येत असल्याची जाणीव झाली. त्यांनी नळी काढली आणि बोलणे टाळण्यासाठी तोंड किंचित वळविले. त्यानंतर त्यांना आठवते ते एवढेच, की आपण त्याच खोलीत लिहिण्याच्या मेजापाशी बसलो असून दुसऱ्याच कोणाशी बोलत आहो. मुलगा खोलीत नव्हता. तासाभराने त्यांनी त्याला बिछान्यात पाहिले, तेथे त्यांच्याच निदानाची नोंद होती: डाव्या फुफ्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया. त्यांनी त्याला पुन्हा तपासले, आणि निदान बरोबर निघाले. एका माणसाने रोगी तपासला, निदान केले, त्याची नोंदही झाली, आणि ह्यातले त्याला काहीएक आठवत नव्हते.

इतकी गुंतागुंतीची कृती झटक्यात घडणे विरळा. मुले बहुधा ओठ चाटतात, सदऱ्याची गुंडी चाळवतात, उठून चालू लागतात, शेजाऱ्याचे पुस्तक उचलतात, कोणी धरू गेल्यास त्याला ढकलतात. भानावर आल्यावर विचारले, "पुस्तक का घेतलेस?" तर मूल म्हणते, "मी नाही घेतले, गुरुजी." पन्नास मुलांनी पाहिलेले आहे आणि हे नाकारते आहे! अशा वेळी चोरीबरोबर खोटेपणाचाही आरोप माथी बसतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्यांना बंदी आहेच; पण येथे कायद्याच्याही आधीची गोष्ट आहे. मूल खरे बोलत आहे. त्याच्या मेंदूत त्या कृतीची नोंदच झालेली नाही, आणि आपण त्याच्याकडून कबुली मागत आहो.

रोग घरचे लोक लपवितात, ही ह्यातील मोठी अडचण. त्यातही मुलगी असली म्हणजे अधिकच. ह्याला नुसते अडाणीपण म्हणून चालणार नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहाला अडसर ठरणारी गोष्ट म्हणून नमूद होती. ती तरतूद १९९९ साली काढून टाकण्यात आली. कायद्यातून शब्द गेला, मनातून जाण्यास वेळ लागतो. म्हणून शिक्षकाने पालकांशी चारचौघांत बोलू नये. "तुमच्या मुलीला फीट येते का?" असे विचारण्यापेक्षा, "ती मध्येच थांबते, हाक मारली तरी ओ देत नाही, असे घरी दिसते का?" असे विचारावे. पाहिलेली गोष्ट सांगितली की आई बोलती होते. रोगाचे नाव घेतले की दार लागते.

त्यापुढचे काम प्राथमिक आरोग्य केंद्राचे व तेथून तज्ज्ञांचे. शिक्षकाने त्यांना द्यावयाची वस्तू म्हणजे एक साधी नोंद: तारीख, वेळ, किती सेकंद, आधी काय चालले होते, नंतर मूल कसे होते, आणि श्रुतलेखनाची ती वही. डॉक्टरांसमोर मूल दहा मिनिटे असते, शिक्षकासमोर पाच तास. पालकांनी परवानगी दिल्यास भ्रमणध्वनीवर घेतलेले थोडेसे चित्रणही त्यांना फार उपयोगी पडते.

मोठा झटका वर्गात आला तर करावयाचे थोडेच आहे, पण ते नीट करावे. मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, आजूबाजूची बाके दूर सारावीत, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. कांदा हुंगविणे, चप्पल नाकाशी धरणे, हातात किल्ल्या देणे ह्यांचा काडीचा उपयोग नाही. झटका आपल्या वेळेने थांबतो आणि श्रेय कांद्याला मिळते. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा एकामागून एक आला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शिकविण्यात मात्र रोजचा बदल लागतो, आणि तो खर्चाचा नाही. सूचना लहान असावी आणि ती फळ्यावर लिहिलेलीही असावी, म्हणजे हरवलेले पाच सेकंद डोळ्यांनी परत मिळविता येतात. सांगून झाल्यावर "कळले का?" असे न विचारता, "आता काय करायचे ते तू सांग" असे म्हणावे. शेजारच्या समंजस मुलाची वही पाहण्याची त्याला उघड मुभा असावी. धडा त्याच दिवशी सुटण्यापूर्वी, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि पंधरवड्याने असा पुन्हा पुन्हा थोडा थोडा विचारावा. एकाच दिवशी दहा वेळा घोकून घेण्यापेक्षा अशी अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. ती साऱ्या वर्गालाच हितकर आहे, त्यामुळे त्या एका मुलाला वेगळे काढल्यासारखेही होत नाही. एखादा शब्द आठवेना तर पहिले अक्षर सुचवावे, किंवा तीन शब्द सांगून त्यांतला निवडायला लावावा; कित्येकदा कणगी भरलेली असते, झाकणच तेवढे घट्ट बसलेले असते. विणकाम, मातीकाम, अक्षर वळविणे ह्यांत मूल पुढे असेल तर ते त्याला मुद्दाम करू द्यावे. आणि दया दाखवून पाढे, पाठांतर, गृहपाठ सगळेच माफ करू नये. माफी मिळालेले मूल लवकरच स्वतःला निरुपयोगी समजू लागते.

बदल्या होतात, वर्ग बदलतात, आणि चौथी-पाचवी संपवून मूल शेजारच्या गावच्या शाळेत जाते. तेथील शिक्षक पुन्हा पहिल्या शेऱ्यापासून सुरुवात करतो. हे टाळावयाचे तर पालकांच्या संमतीने दाखल्याबरोबर एक चिठ्ठी जावी. तीत रोगाचे नाव असलेच पाहिजे असे नाही. मूल दिवसाच्या कोणत्या वेळी हरवते, शिकविलेले किती दिवसांनी पुन्हा विचारावे लागते, लिहून दिलेल्याचा त्याला कितपत लाभ होतो आणि औषधाची वेळ शाळेत येते की घरी, एवढे त्यात लिहिलेले असले म्हणजे नव्या शिक्षकाला पहिल्या दिवसापासून काम सुरू करता येते.